चार मुली, एक मीटर



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या जेऊर स्टेशनवरची गर्दी बदलते. एरवी केळीचे व्यापारी, केमला-कुर्डुवाडीला जाणारी माणसं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी मंडळी असतात. जून-जुलैत मात्र गाद्यांच्या वळकट्या, बादल्या आणि फरसाणाचे डबे दिसतात. दौंडमार्गे पुणं गाठायचं, पहिलं वर्ष हॉस्टेलला काढायचं आणि दुसऱ्या वर्षी तिघी-चौघींनी मिळून फ्लॅट घ्यायचा, हा आता आपल्या करमाळा तालुक्यातल्या कितीतरी मुलांचा ठरलेला रस्ता आहे.

मुलीला पाठवताना आपण काय काय शिकवतो? खिचडी कशी करायची, रात्री उशीर करू नकोस, देवदर्शन चुकवू नकोस, नियम मोडू नकोस. पण चौघींत एक लाइट बिल आलं तर ते कसं वाटायचं, हे कुणी शिकवत नाही. आणि मैत्रिणी तुटतात त्या बहुतेक वेळा ह्याच कागदावरून. भांडण कधी मोठ्या रकमेचं नसतं. चाळीस रुपयांचं दूध, एक पाण्याचा जार, रात्रभर चालू राहिलेला गिझर, एवढ्यावरून एका घरात राहणाऱ्या मुली एकमेकींशी बोलेनाशा होतात.

आमची लेक गेली दोन वर्षं पुण्यात तिघींबरोबर राहते. एक नांदेडची, एक कोकणातली, एक मंगळवेढ्याकडची. चौघींचं घर कसं चाललं ते जवळून पाहिलं, म्हणून आज हा विषय घेते आहे. पैशाचा हिशोब मांडणं म्हणजे कोतेपणा, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. मला उलट वाटतं. चोख हिशोब असला तरच माणसाला मोकळ्या मनानं देता येतं आणि घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागत नाही.

तीन रकाने

मुलींनी पहिल्या महिन्यातच एक साधी वही केली आणि खर्चाचे तीन रकाने पाडले.

पहिला रकाना समान वाटणीचा. घरभाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, वायफाय. तुम्ही महिनाभर राहा की दहा दिवस, खोली तुमच्या नावानं अडलेली आहे. म्हणून चार समान भाग.

दुसरा रकाना वापराचा. गॅस, वीज, पाण्याचे जार, सामाईक किराणा. इथे त्यांनी खानावळीची रीत घेतली. खानावळीत जेवायला नसलो तर खाडा धरतात, तसा इथेही खाडा. मात्र अट अशी, की सलग चार दिवस किंवा जास्त बाहेर असाल तरच खाडा धरायचा. एकेक जेवणाचा खाडा मोजायला लागलं की घराची खानावळ होते आणि खानावळीत मैत्री राहत नाही.

तिसरा रकाना ज्याचा त्याचा. आपलं दूध, फळं, शाम्पू, आपले पाहुणे. आई-वडील दोन दिवस राहायला आले तर त्यांचा किराणा जिचे आई-वडील तिच्याकडे.

वाचायला हे किरकोळ वाटेल. पण निम्मी भांडणं दुसऱ्या रकान्यातला खर्च पहिल्यात घातल्यामुळे होतात. पंधरा दिवस गावी असलेल्या मुलीकडून गॅसचे पूर्ण पैसे घेतले तर ती बोलत नाही, पण लक्षात ठेवते.

लाइट बिल कसं वाटायचं

विजेचं बिल सगळ्यात अवघड, कारण त्यात दोन प्रकारचे पैसे एकत्र असतात. महावितरणचं बिल काढून बघा. त्यात स्थिर आकार असतो, तो मीटर आहे म्हणून भरायचा, दिवा लावा अगर न लावा. बाकीचा ऊर्जा आकार, वहन आकार आणि त्यांवर बसणारं वीज शुल्क हे तुम्ही किती युनिटं जाळली त्यावर वाढत जातं. म्हणून स्थिर आकार पहिल्या रकान्यात आणि उरलेलं बिल दुसऱ्या रकान्यात.

समजा बिल आलं १६३० रुपये. त्यात स्थिर आकार १३०. त्याचे चार भाग केले, प्रत्येकी साडेबत्तीस रुपये. उरले १५००. तिघी पूर्ण ३० दिवस होत्या, चौथी १० दिवसच होती. सगळ्यांचे दिवस मिळून १००. म्हणजे दिवसाला १५ रुपये. तिघींचे साडेचारशे-साडेचारशे, चौथीचे दीडशे. स्थिर आकार मिळवला की तिघींनी ४८२ रुपये ५० पैसे द्यायचे आणि चौथीनं १८२ रुपये ५० पैसे. बेरीज करून बघा, १६३० बरोबर येतात.

ह्यात एक गुंता आहे, तो आपल्या घरच्या बिलालाही लागू आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं वाढतो. पहिल्या १०० युनिटांना जो ऊर्जा आकार लागतो, त्याच्या दुपटीहून जास्त १०१ ते ३०० च्या टप्प्याला लागतो. एकटी मुलगी राहिली तर तिची युनिटं शंभराच्या आत राहतील, पण चौघींचा मीटर एकच असल्यामुळे बिल पुढच्या टप्प्यात जातं. मग वाद सुरू होतो: "तुझ्या गिझरमुळे आपण शंभराच्या वर गेलो, वरची महाग युनिटं तुझी."

खरं तर शंभरानंतरचं युनिट कुणा एकीचं नसतं. गिझर सकाळी चालला आणि पंखा रात्री, तर शंभरावं युनिट कुणाचं हे मीटरला कळत नाही. म्हणून सगळ्या युनिटांचा एक सरासरी दर काढायचा आणि जास्तीची युनिटं त्या दरानं धरायची. मुलींनी तेच केलं. कोणतं उपकरण किती खातं हे एकदा समजून घेतलं की अंदाज सोपा होतो. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. ७५ वॅटचा पंखा तेरा तासांहून थोडा जास्त चालला की एक युनिट. म्हणजे पंख्यावरून भांडण्यात अर्थ नाही, गिझरचं बटण बघावं.

नियम माझा, खर्चही माझा

आता आपल्या घरचा विषय. आमची लेक गाळून उकळलेलं पाणी पिते. चौविहार पाळते, म्हणजे तिचा संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत होतो, आणि बाकीच्यांचा रात्री साडेआठला. कंदमुळं खात नाही. तिच्यामुळे केटल रोज दहा मिनिटं जास्त चालते आणि शेगडी दोनदा पेटते.

तिनं मला फोनवर विचारलं, "आई, ह्याचे पैसे मी वेगळे द्यावेत का? त्या तिघी नको म्हणतात."

मी म्हटलं, "१५०० वॅटची केटल दहा मिनिटं म्हणजे पाव युनिट. महिन्याची साडेसात युनिटं झाली. सरासरी दर दहा रुपये धरला तर पंचाहत्तर रुपये. ते तू वहीत आपल्या नावावर मांड. गॅसचंही अंदाजानं थोडं जास्त धर. त्या नको म्हणाल्या तरी मांड."

व्रत मी घेतलं आहे. त्याचा भार दुसऱ्यानं उचलावा आणि पुण्य माझ्या खात्यावर जमा व्हावं, असं कसं चालेल? अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांत एक हीनाधिकमानोन्मान आहे: देताना कमी मापानं द्यायचं, घेताना जास्त मापानं घ्यायचं. आपण तो दुकानाच्या तराजूपुरता समजतो. पण सामाईक गॅस जास्त वापरून वाटणी समान देणं, हेही मापातलंच पाप आहे. तिथे तराजू नसतो, वही असते, एवढाच फरक.

दुसऱ्या बाजूनं त्या तिघींनीही वहीत लिहिलं, की कांदे-बटाटे, लसूण सामाईक किराण्यात धरायचे नाहीत. लेकीनं मागितलं नव्हतं. आधी तिनं आपले पंचाहत्तर रुपये लिहिले होते, त्याचं हे उत्तर होतं असं मी समजते.

आणखी एक गोष्ट मला वीज बिलानं शिकवली. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडविरती नावाचं गुणव्रत आहे. त्यात प्रमादचर्या येते, म्हणजे काही कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं. स्वाध्यायात हे वाचताना मला नेहमी वाटायचं, की आजच्या काळात कोण उगाच वारा घालत बसतं! आता वाटतं, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे विनाकारण वारा, आंघोळ झाल्यावरही चालू राहिलेला गिझर म्हणजे विनाकारण अग्नी, आणि वाहता नळ म्हणजे विनाकारण पाणी. महिन्याच्या शेवटी येणाऱ्या बिलात गरजेची युनिटं आणि अनर्थदंडाची युनिटं एकत्र छापून येतात. ती वेगळी करणं आपल्या हातात आहे. मुलींनी बटणांच्या बोर्डाशेजारी कागद चिकटवला: "शेवटी निघणारीनं बंद करावं." जैन एकच, पण नियम चौघींनी पाळला.

एकीचे पैसे येईनात तेव्हा

इथपर्यंत सगळं गणित होतं. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी झाली. मंगळवेढ्याकडच्या मुलीच्या घरी कांदा केला होता. सोलापूरच्या बाजारात नेला तेव्हा भाव पडलेला. गाडीभाडं आणि हमाली वजा जाता हातात काही उरलं नाही. तिनं भाडं कसंबसं दिलं, पण बाकीच्या खर्चाचे पैसे दोन महिने आले नाहीत.

बाकीच्या तिघी चांगल्या मनाच्या. त्यांनी आपापसांत ठरवलं, की तिला काही बोलायचं नाही, तिचा हिस्सा आपण गुपचूप भरायचा. वहीत तिच्या नावापुढची जागा त्यांनी कोरी सोडली.

आता बघा काय झालं. ती मुलगी रात्री जेवायला थांबेना. "कॉलेजात खाल्लं" म्हणायची. खोलीत एकटी असली तर पंखा लावायची नाही. अभ्यासाला उशिरापर्यंत लायब्ररीत बसायची आणि सकाळी गार पाण्यानं आंघोळ करायची. कुणी काही बोललं नव्हतं, पण ती कोरी जागा तिला रोज दिसत होती. आपण किती देणं लागतो हे तिला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक घास आणि प्रत्येक युनिट तिला आपल्यावरचं कर्ज वाटत होतं.

लेकीनं मला फोन केला. "आई, तिचे दोन महिन्यांचे पैसे आपण भरूया का?"

मी म्हटलं, "भरता येतील. पण आधी तिला विचारा. वही तिच्यासमोर उघडा, रक्कम लिहा आणि विचारा, की हे उसने म्हणून मांडू, का आमच्याकडून घेशील? ती म्हणेल ते करा."

रविवारी चौघी बसल्या. दोन महिन्यांचा तिचा हिस्सा काढला, तो २१४० रुपये निघाला. ती म्हणाली, "एवढेच? मला वाटलं पाच-सहा हजार झाले असतील." मग म्हणाली, "उसने लिहा." नांदेडच्या मुलीनं तिच्या नावापुढच्या कोऱ्या जागेत २१४० लिहिले, खाली तारीख घातली. त्या रात्री ती घरी जेवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली ती मालदांडी ज्वारीचं पोतं घेऊन. वडिलांनी पाठवलं होतं. मुली म्हणाल्या, भेट म्हणून घेतो. ती म्हणाली, "नाही. वजन करा, बाजारभाव लावा आणि वहीतून वजा करा." तशी वजा केली. थोडी रक्कम राहिली ती तिनं फेब्रुवारीत फेडली. आमच्या लेकीनं त्या हिवाळ्यात पुण्यात जितक्या भाकरी खाल्ल्या तितक्या जेऊरला खाल्ल्या नव्हत्या.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र

कुणी म्हणेल, एवढी मैत्रीण अडचणीत, आणि तुम्ही वह्या उघडून बसलात? दान कुठे गेलं? ह्यावर मला आपल्याच समाजातल्या एका घराची आठवण होते.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या जैन समाजातले. जन्म १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. शिकायला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची, खेड्यापाड्यांतली गरीब मुलं तिथे एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत.

ह्या मुलांचा संसार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई चालवत. घरात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने गेले आणि शेवटी त्यांनी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिलं. १९३० साली त्या गेल्या. आपल्याकडे आहारदान आणि ज्ञानदान वेगवेगळी मोजतात. ह्या बाईनं एका मंगळसूत्रात दोन्ही केली.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिची दुसरी बाजू मात्र कमी सांगतात. त्या बोर्डिंगातली मुलं फुकट जेवत नव्हती. स्वयंपाकापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं स्वतः करत होती. कमवा आणि शिका ही रयतची ओळखच झाली. भाऊरावांना मदत करायची होती, पण मुलाला मिंधं करायचं नव्हतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं श्रम मांडायचे, आणि मग ताठ मानेनं पंगतीत बसायचं. देणारीनं मंगळसूत्र दिलं, तरी घेणाऱ्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवली नाही.

मंगळवेढ्याच्या मुलीची ज्वारी मला त्याच जातीची वाटते. दान जरूर करावं, पण ते दान म्हणून करावं, हिशोबाच्या वहीत लपवून नाही. हिशोबात मिसळलेलं दान घेणाऱ्याला उपाशी ठेवतं, हे मी दोन महिने फोनवरून ऐकलं आहे.

मुलीच्या बॅगेत ठेवायच्या काही गोष्टी

ज्यांच्या मुली-मुलं यंदा निघाली आहेत त्यांच्यासाठी, आमच्या मुलींनी ठरवलेलं थोडक्यात लिहिते.

महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकीनं सारखी रक्कम सामाईक डब्यात टाकावी. खर्च त्यातून करावा. आधी एकीनं भरायचं आणि मग तिघींकडे मागत फिरायचं, ह्यात भरणारीच वाईट ठरते.

बिल भरायची जबाबदारी पाळीनं फिरवावी. एकीकडेच राहिली तर ती घरमालकीण होते. वेळ चुकली तर विलंब आकार लागतो, तो जिची पाळी तिनं भरावा.

राहायला जाताना आणि सोडताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. आधीच्या भाडेकरूंची थकबाकी आहे का ते बिलावर बघावं.

फोनवर ॲप वापरा, वहीत लिहा, काहीही करा, पण आकडा चौघींना कधीही बघता आला पाहिजे. एकीच्याच डोक्यात असलेला हिशोब खरा असला तरी त्यावर संशय येतो.

दहा रुपयांच्या आतला फरक सोडून द्यावा, आणि तो सोडायचा हेही आधी ठरवून ठेवावं.

एखादीला जमत नसेल तर तिनं तारखेच्या आधी सांगावं, आणि इतरांनी कारण विचारू नये. किती आणि कधी, एवढंच विचारावं.

आणि शेवटचं, हे मी आमच्या लेकीला सांगितलं. दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस येतो, तेव्हा आपण सगळ्यांना हात जोडून उत्तम क्षमा म्हणतो. त्या दिवसाच्या आधी वही पूर्ण करावी. कुणाचे देणं असेल तर द्यावं, कुणाकडून येणं असेल आणि सोडायचं असेल तर तिला सांगून सोडावं आणि वहीत तसं लिहावं. यंदा चौघींनी मिळून ते केलं. नांदेडच्या मुलीनं विचारलं म्हणे, "आमच्यात असा दिवस नाही, पण मी पण म्हणू का?" लेक म्हणाली, "म्हण की!" मग त्या मुलीनं हात जोडले आणि आधी गिझरबद्दल क्षमा मागितली.

जय जिनेंद्र.